सर्व्हरवरचा मायचा तुकडा

निहाल आणि आर्या,

मागच्या रविवारी निहालने मला फोनवर स्नॅपशॉट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. कॉलेजचा प्रकल्प त्याच्या हातून पुसला गेला होता आणि ज्या स्नॅपशॉटवर भरवसा ठेवला तो ऐनवेळी निकामी निघाला. "तुला नाही कळणार आजी, पण सोपं करून सांगतो," म्हणून त्याने बराच वेळ सोपं केलं. मी सगळं ऐकून घेतलं, कारण एरवी हा मुलगा माझ्याशी 'जेवलीस का'च्या पुढे जात नाही. शेवटी एवढंच विचारलं, "स्नॅपशॉटसाठी जागा किती राखली होतीस? ती भरली असेल."  तो म्हणाला, "तुला कसं माहीत?"

तुमच्या आईने तुम्हाला 'आजी फोटो स्टुडिओत होती' एवढंच सांगितलेलं दिसतं. मी काउंटरवर बसून पासपोर्ट फोटो कापत असेन असं तुम्हाला वाटलं असणार. नेमकं याच आठवड्यात इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या नोकरीबद्दल लिहा' म्हणून तिसऱ्यांदा निरोप पाठवला. एका कागदात दोन कामं होत असतील तर मी ती सोडत नाही. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे, आणि अंकाचे वाचक शेजारी बसून वाचतील.

मी इंग्रजीतून फिजिक्स शिकले, लग्न होऊन नंदुरबारला आले, काही वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवला आणि मग निवृत्त होईपर्यंत एका स्टुडिओचा सर्व्हर सांभाळला. स्टुडिओ दोन भावांचा. थोरले अप्पा, धाकटे बापू. शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीचं शेतकरी घर. जिल्ह्यातली निम्मी लग्नं आमचे कॅमेरे टिपत, आणि ते सगळं चित्रीकरण मागच्या खोलीतल्या एका लोखंडी कपाटात, चार डिस्कवर उतरत असे. त्या कपाटाची जबाबदारी माझी. त्या खोलीत एसी होता, त्यामुळे उन्हाळ्यात तिथून आमरसाची पातेली, बापूंच्या सासूबाईंची औषधं आणि एकदा एक झोपलेला बँडवाला बाहेर काढणं हेही माझ्याच जबाबदारीत मोडत होतं.

आता काम समजून घ्या. गावाबाहेर मिरची वाळत घालायच्या पथाऱ्या तुम्ही लहानपणी पाहिल्या आहेत. आर्या शिंकून शिंकून लाल झाली होती. तिथे रान एकच असतं. हा पट्टा या व्यापाऱ्याचा, तो त्याचा, अशी फक्त आखणी असते. माल वाढला की पट्टा पुढे सरकवायचा, रान शिल्लक असेपर्यंत. माझ्या चार डिस्क म्हणजे असंच एक सलग रान. त्यावर मी पट्टे आखले होते: लग्नं, साखरपुडे, फोटो. पट्टा वाढवणं अगदी सोपं. आखडणं मात्र जिवावरचं काम, कारण वरची मिरची आधी आत ओढून घ्यावी लागते.

आणि स्नॅपशॉट? रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी मी सर्व्हरला सांगायची, 'हा क्षण लक्षात ठेव.' तो सगळ्याची नक्कल करत बसत नाही. त्यानंतर दिवसभरात कुणी काही बदलायला गेलं, की जुनी वस्तू तो आधी बाजूच्या टोपलीत ठेवतो आणि मगच नवी जागेवर मांडतो. संध्याकाळी कुणी रडत आलं, की टोपलीतून सकाळ परत काढता येते. पण टोपलीला जागा लागते. रान शेवटच्या कोपऱ्यापर्यंत वाटून टाकलं, तर टोपली ठेवणार कुठे? आणि टोपली भरून गेली, तर सर्व्हर ती अख्खी टाकून देतो. निहालचं तेच झालं.

टोपलीचा उपयोग काय, ते विसरवाडीच्या गिऱ्हाइकावरून सांगते. हायवेला त्यांचं टायरचं दुकान होतं. मुलीच्या लग्नाची फिल्म जवळजवळ तयार होती. एका सकाळी ते आले, बसले नाहीत, मुलीच्या मामाबद्दल उभ्यानेच म्हणाले, "मॅडम, आंडेरना मामाले काढी टाका."

"कुठून?"

"आख्खा लगनमाईन. तो मानूस माले दिसाले नको."

आमची एडिटर सुनीता, नवापूरकडची, बोलायला कमी आणि कापायला पटाईत. तिने तो मामा दुपारपर्यंत वेचून काढला. काम सोपं नव्हतं. मामा नवरीच्या मागे, मामा पंगतीत वाढताना, मामा बँडसमोर नाचताना. त्याच्याशिवाय ते लग्न झालंच नसतं असं वाटत होतं. दुपारी दारात एक मोटारसायकल थांबली. पुढे टायरवाले, मागे तोच मामा, दोघांच्या तोंडात एकाच पुडीतली सुपारी.

"गैरसमज व्हयेल व्हता," टायरवाले म्हणाले. "परत टाकी द्या यास्ले."

मामांनी काळजीने विचारलं, "मन्हा नाच ते शे ना?"

मी सकाळचा स्नॅपशॉट उघडला आणि त्यातून तेवढी एक फिल्म उचलून घेतली. सगळा सर्व्हर सकाळवर नेला असता तर त्या दिवशीचं बाकी चौदा घरांचं काम पुसलं गेलं असतं. एका मामासाठी ते परवडलं नसतं. नाच होता. दोघांनी तो तिथेच उभ्याने दोनदा पाहिला. विसरवाडीचा मामा परत आणणाऱ्या मॅडम, अशी माझी कीर्ती त्यानंतर ब्राह्मणपुरीपर्यंत गेली. ही कीर्ती पुढे माझ्या अंगाशी आली, म्हणून हे सांगून ठेवलं.

पुढे काही वर्षांनी अप्पा आणि बापूंचं बिनसलं. कारण दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं आणि दोन्ही खरं वाटलं. वाटणी करायला गावाहून रामदास तात्या आले. तात्यांनी हयातभर लोकांची शेतं वाटली होती, आणि त्यांनी आखलेला बांध कुणी सरकवल्याचं ऐकिवात नव्हतं. दुकानात मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. कॅमेरे, दिवे, खुर्च्या निम्म्या-निम्म्या झाल्या. ड्रोन एकच होता आणि तो कापता येईना, तेव्हा विहिरीच्या पाण्यासारखी त्याची पाळी ठरली: सकाळ अप्पांची, दुपार बापूंची. एसीचं तोंड अप्पांच्या दाराकडे आहे अशी बापूंची तक्रार आली, म्हणून ते बरोबर मधे, म्हणजे माझ्या मानेवर वळवण्यात आलं. मग सगळे माझ्या कपाटासमोर आले.

तात्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. "बाईसाहेब, जमीन कोठे शे?"

मी कपाट उघडून दाखवलं. त्यांनी वाकून जाळीसमोर हात धरला. "गरम हवा येस."

"चारी डिस्क मिळून एकच रान आहे तात्या. वरची आखणी मी करून देते."

"मंग बांध?"

"बांध नाही. नुसती आखणी."

"बांध नही तठे भांडण शे," तात्या म्हणाले, आणि दोन्ही भावांनी मान हलवली. बऱ्याच दिवसांनी त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

मी कागदावर चौकोन काढला. दोन मोठे सारखे भाग, आणि खाली एक लहान कोपरा. तात्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हाऊ कोपरा कोना शे?"

"कोणाचाच नाही. रिकामा ठेवायचा. रोजच्या स्नॅपशॉटला लागतो."

तिघेही माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी भर वाटणीत चौथा भाऊ काढून दाखवला.

"मॅडम," अप्पा हळूच म्हणाले, "बापूनी तठे काही ठेई दिधं ते?"

"आनि अप्पानी ठेवं ते?" बापू म्हणाले.

मी समजावलं, तिथे कुणालाच काही ठेवता येणार नाही, ती फक्त टोपलीची जागा आहे. मग बापूंना शंका आली की टोपली अप्पांच्या बाजूची आधी भरेल. मी तुमच्या आजोबांनाही कधी इतक्या शांतपणे काही समजावलं नव्हतं. शेवटी म्हटलं, "तात्या, वाटणीत विहीर सामाईक ठेवता ना? तसं समजा."

तात्यांनी विचार केला. नीट, प्रामाणिकपणे विचार केला. "विहीर सामाईक ऱ्हास, कारन तिमा पानी ऱ्हास. हाई ते रिकामं शे. बाईसाहेब, मी जिंदगीभर वाटण्या करी ऱ्हायनू. ज्या तुकडाले नाव नही, तो तुकडा कोर्टमा जास. पडीत काहीच ठेवानं नही."

असा निकाल लागला. चारी डिस्कचं रान शेवटच्या कणापर्यंत दोन भागांत वाटलं गेलं. मी एका भागाला 'थोरला' नाव दिलं, एकाला 'धाकटा'. स्नॅपशॉट बंद. कच्चं चित्रीकरण इतकं अवाढव्य असतं की त्याची दुसरी प्रत ठेवायची ऐपत कुठल्याच स्टुडिओची नसते, आमचीही नव्हती. चूक झाली तर सावरायला रोजची ती टोपलीच होती. मी दोघांनाही सांगितलं की आता मामा गेला तर गेला. दोघांनीही ते दुसऱ्याला सांगितल्यासारखं ऐकलं.

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. भावांना बहीण एकच, मंगल; दिलेली धानोऱ्याला. तिची मुलगी पूजा. मंगलताईंनी दोघा भावांना एकच निरोप पाठवला, दोघे मिळून फिल्म करा. दोघेही आले, आपापले कॅमेरे घेऊन. मांडवाच्या डाव्या बाजूने अप्पांची माणसं, उजव्या बाजूने बापूंची. नवरदेव कोणत्या कॅमेऱ्याकडे बघावं या विचाराने शेवटी वर बघत राहिला, तर वर ड्रोन.

खरा प्रश्न मामांचा होता. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, आणि मामा दोन होते, एकमेकांशी न बोलणारे. तो प्रश्न त्यांच्या आईने सोडवला. तिला आम्ही सगळे मायच म्हणायचो. माय दोघांच्या मधे उभी राहिली, एका हाताने अप्पांचं मनगट धरलं, दुसऱ्याने बापूंचं, आणि अक्षता पडेपर्यंत सोडलं नाही. मी पंगतीच्या बाजूने पाहत होते. हातात अक्षता घ्यायची सोय तिला राहिली नव्हती.

फिल्म पाहायला माय आणि मंगलताई श्रावणात आल्या, कानबाईच्या आदल्या दिवशी. कानबाई म्हणजे आमच्याकडे घराण्याचा सण, सगळी भाऊबंदकी एका घरी जमते. दुकान वाटलं तरी कानबाई अजून अप्पांकडेच, एकत्र बसत होती. मायच्या मनात होतं की घरातल्या सगळ्यांनी मिळून लग्न बघावं, म्हणून आधी स्वतः बघायला आल्या होत्या. खुर्च्या निम्म्या-निम्म्या दोन्ही बाजूंनी आणल्या.

पहिली फिल्म अप्पांची. हळद, वरात, अंतरपाट, अक्षता. मंगलताईंनी डोळ्यांना पदर लावला. दुसरी फिल्म बापूंची. पुन्हा हळद, वरात, अंतरपाट.  दिवे लागल्यावर माय म्हणाली, "मी लगनमा नव्हतू का?"

कुणाला कळेना.

"मी ते दोन्हीस्ना मधमा उभी व्हतू. मी कोठे शे?"

मी सुनीताकडे पाहिलं. ती आता अप्पांच्या बाजूला काम करत होती. ती तिच्या पद्धतीने, एका वाक्यात म्हणाली, "अप्पांनी सांगितलं होतं मॅडम, बापू दिसेल तिथे काप." पलीकडच्या एडिटरने खाली बघून सांगितलं की त्यालाही तसंच सांगितलं होतं, फक्त नाव वेगळं.

दोघांनी एकमेकांना काढलं होतं. माय दोघांचे हात धरून होती, त्यामुळे ती दोन्हीकडून गेली.

मंगलताई आधी हसल्या. मग हसणं थांबवून त्यांनी भावांकडे असं पाहिलं की अप्पा आपल्या बाजूच्या खुर्चीवरून उठले आणि बापू आपल्या.

माय मात्र माझ्याकडे वळली. तिच्या दृष्टीने अडचण लहान होती. "परत आना मॅडम. विसरवाडीना मामाले आनेल ते ना तुम्ही."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला सगळ्यात जड गेलेलं उत्तर ते. मी सांगितलं की येणार नाही. नुसतं फिल्ममधून कापलं असतं तर मूळ चित्रीकरणातून पुन्हा घेता आलं असतं. पण दोघांचे भाग तोंडोतोंड भरलेले, पुढच्या लग्नांचं काम खोळंबलेलं. म्हणून एडिटरांनी कापलेले तुकडे त्याच दिवशी सकाळी डिस्कवरूनच पुसले होते, आणि त्या जागेवर आता कुणाकुणाच्या वराती नाचत होत्या. कॅमेऱ्यातली कार्डंही पुढच्या लग्नांना वापरून झाली होती. आणि सकाळचा स्नॅपशॉट नव्हता, कारण तो घ्यायला रिकामी जागा नव्हती.

"काबर नव्हती?"

मी तात्यांचा निकाल सांगितला. ज्या तुकड्याला नाव नाही तो ठेवायचा नाही, म्हणून सगळं रान दोघांना वाटलं. मायने ते शांतपणे ऐकलं. ती शाळेत गेलेली नव्हती आणि डिस्क म्हणजे काय हे तिला त्या दिवशीही ठाऊक नव्हतं, पण वाटणी म्हणजे काय हे तिला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

"वावर वाटं तवय मन्हा तुकडा काढा," ती मुलांना म्हणाली. "घर वाटं तवय मन्ही खोली काढी. आठे मन्हा हिस्सा कोठे शे?"

 आमच्याकडे आई असताना तिचा हिस्सा न काढता केलेली वाटणी सांगायचीही लाज वाटते. तात्यांनाही ते सुचलं नव्हतं. गरम हवेत आईचा हिस्सा काढायची त्यांचीही पहिलीच वेळ होती.

"तो कोपरा मन्हा नाववर करा," माय म्हणाली.

बापू चाचरत म्हणाले, "माय, तुले तठे काय ठेवानं शे?"

"काहीच नही. रिकामं ऱ्हाऊ दे."

तात्यांना फोन लावला. ते म्हणाले की आता त्या तुकड्याला नाव आहे, आता काही हरकत नाही. बांध मात्र मी घालावा.

मी आधी सांगितलं आहे की पट्टा आखडणं जिवावरचं काम असतं. आधी वरचा माल आत ओढावा लागतो, म्हणजे दोघांना आपापला कचरा काढावा लागणार होता. कानबाईचं विसर्जन झाल्यावर दोघे भाऊ माझ्या खोलीत बसले. अप्पांच्या भागात जिल्ह्यातल्या यच्चयावत पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे बॅनर निघाले, त्यातले बरेचसे वाढदिवस आता साजरे करण्यासारखे राहिले नव्हते. बापूंच्या भागात ड्रोन शिकताना टिपलेली शेजाऱ्यांची गच्ची निघाली, तासन् तास, आणि वाळत घातलेल्या पापडांवर कोसळल्याचा शेवट. अप्पांनी तो शेवट पाहिला आणि हसू आवरायला ते पाणी प्यायला बाहेर गेले. मी मागितला होता तेवढा तुकडा दुपारीच मोकळा झाला. पण बापूंनी आईला आपल्यापेक्षा जास्त दिलं हे अप्पांना सहन होईना, म्हणून त्यांनी आणखी थोडं सोडलं, मग बापूंनी. नोकरीत पहिल्यांदाच मला मागितल्यापेक्षा जास्त जागा मिळाली.

या साफसफाईत सुनीताला पूजाच्या लग्नाचं ड्रोनने टिपलेलं चित्रीकरण सापडलं. ड्रोनची पाळी ठरलेली होती खरी, पण लग्न लागलं भर बारा वाजता, सकाळ आणि दुपार यांच्या मधे. ड्रोन नक्की कुणाचा याचा वाद होऊन ते चित्रीकरण कुणाच्याच फिल्ममध्ये गेलं नव्हतं, आणि कापायलाही कुणी घेतलं नव्हतं. उघडून पाहिलं असतं तरी कापता आलं नसतं. वरून पाहिलं तर नुसते दोन गुलाबी फेटे, आणि मधे हिरवा पदर घेतलेलं एक डोकं. कोणता अप्पा आणि कोणता बापू ते त्यांचं त्यांनाही सांगता येईना. पदराच्या दोन्ही बाजूंना दोन हात गेलेले मात्र स्पष्ट दिसत होते.

मायला बोलावून दाखवलं. तिने पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बोट ठेवलं. "हाई मी." मग बराच वेळ बघून म्हणाली, "चेहरा दिसत नही."

"नाही दिसत," मी म्हटलं.

"धरेल ते दिसस," त्या दोन हातांवर बोट ठेवत ती म्हणाली, आणि पुन्हा लावायला सांगितलं.

चेहरा दिसेल असं त्या लग्नातलं तिचं एकही दृश्य उरलं नाही. ते मला आजही खटकतं, आणि निहाल, तू प्रकल्पाबद्दल बोलत होतास तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तोच पडदा होता. भाऊ पुन्हा एक झाले असं लिहायला मला आवडलं असतं. प्लायवूडची भिंत अजून आहे. फक्त तिच्यात आता एक दार पाडलंय, ड्रोन ने-आण करायला सोयीचं म्हणून, असं दोघेही सांगतात.

माझ्या जागी आता सुनीता आहे. रोज सकाळी मायच्या तुकड्यातून ती दोन्ही भागांचे स्नॅपशॉट घेते आणि रात्री काम संपल्यावर ते काढून तुकडा पुन्हा मोकळा करते. माय थकली आहे, पण कुणी नंदुरबारला निघालं की त्याच्याबरोबर विचारायला सांगते, मन्हा तुकडा रिकामा शे ना? मी निवृत्त असले तरी उत्तर माझ्याकडूनच हवं असतं, म्हणून सुनीता आधी मला फोन करून सांगते आणि मी मायला सांगते.

हे लिहायला बसण्यापूर्वी मी विचारून घेतलं. ड्रोनचं ते चित्रीकरण दोन्ही भागांत ठेवलेलं आहे, आणि मायचा तुकडा रिकामा आहे.